तोडरमल शेठांच्या गावी, मटार सोलताना



मागच्या डिसेंबरात आम्ही पंजाबला जाऊन आलो. निघालो होतो चक्रेश्वरी मातेच्या दर्शनाला, पण जास्त वेळ गेला तो गुरुद्वाऱ्याच्या मुदपाकखान्यात. कसा, ते आज सांगते. त्यात इतिहास आहे, थोडं स्वयंपाकघर आहे आणि माझ्याच घरातली एक गोष्ट आहे, जी लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

सरहिंदजवळ अत्तेवाली नावाचं छोटं गाव आहे. तिथं चक्रेश्वरी देवीचं जुनं मंदिर आहे. चक्रेश्वरी म्हणजे भगवान आदिनाथांची यक्षी, हे तुम्हाला माहीत आहेच. आपल्याकडच्या बायका हुमचाला पद्मावतीच्या दर्शनाला जातात, तशी पंजाब-राजस्थानातली जैन कुटुंबं इथं येतात. कथा अशी सांगतात, की पृथ्वीराज चौहानाच्या काळात राजस्थानातून काही जैन यात्रेकरू बैलगाड्यांनी कांगड्याच्या आदिनाथांच्या दर्शनाला निघाले होते. सोबत देवीची मूर्ती होती. इथं मुक्काम पडला, आणि सकाळी मूर्तीची गाडी काही केल्या हलेना. मग देवी इथंच राहिली. कांगड्याच्या किल्ल्यात आदिनाथांची प्राचीन मूर्ती आजही आहे, म्हणजे ही वाट आपल्या लोकांच्या पायाखालची होती हे नक्की.

बरोबर सासूबाई होत्या. वय ७४. रात्रीभोजन नाही, कंदमूळ नाही, पाणी गाळल्याशिवाय ओठाला लागत नाही. प्रवासात आमची एक पिशवी कायम त्यांच्या गाळण्याची, तांब्याची आणि घरच्या खाकऱ्यांची असते. दर्शन झाल्यावर मंदिरातल्या एका काकांनी विचारलं, "तोडरमल शेठांची जागा पाहिली का?" आम्ही नाही म्हटलं. तर ते म्हणाले, "जैन असून ती न पाहता परत जाणार?"

तोडरमल म्हटल्यावर मला शाळेत शिकलेले अकबराचे तोडरमल आठवले. ते हे नव्हेत. ते १५८९ मध्ये वारले. ही गोष्ट त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी घडलेली आहे.

१७०४चा डिसेंबर होता. (काही अभ्यासक १७०५ धरतात.) मोगल आणि डोंगरी राजांच्या फौजांनी आनंदपूरला वेढा घातला होता. गुरु गोविंदसिंगांनी गड सोडला, आणि सरसा नदी ओलांडताना पुरात आणि लढाईत कुटुंबाची ताटातूट झाली. थोरले दोन मुलगे चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे दोघे, जोरावरसिंग आणि फतेहसिंग, आजीबरोबर वेगळे पडले. आजीचं नाव माता गुजरी. मुलांची वयं परंपरेनं नऊ आणि सात सांगतात. आपल्या पाठशाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांएवढी.

पूर्वी गुरूंच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या एका माणसानं त्यांना आपल्या घरी नेलं आणि मग पकडून दिलं, असं शीख परंपरा सांगते. सरहिंदचा नवाब वजीर खान याने आजी आणि नातवांना ठंडा बुर्ज नावाच्या बुरुजात ठेवलं. पंजाबची थंडी काय असते ते मी आता अंगावर घेऊन आले आहे. आम्ही दोन स्वेटर आणि शाल घेऊन कुडकुडत होतो. ती म्हातारी बाई उघड्या बुरुजात दोन लेकरांना कुशीत घेऊन बसली होती.

त्या बुरुजात लपून दूध पोचवणारा माणूसही स्वयंपाकघरातलाच होता. त्याचं नाव मोतीराम मेहरा. पुढं हे उघडकीला आलं, तेव्हा त्याला कुटुंबासकट घाण्यात पिळून मारलं असं सांगतात. एका घरच्या चुलीशी राबलेला माणूस फितूर झाला, आणि दुसऱ्यानं पेलाभर दुधासाठी जीव दिला. ही गोष्ट ऐकताना सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

मुलांना धर्म बदला म्हणून सांगितलं. ती ऐकेनात. मालेरकोटल्याचा नवाब शेर मोहम्मद खान हा मोगलांच्याच बाजूचा, पण या निष्पाप मुलांना शिक्षा करणं धर्मात बसत नाही असं तो भर दरबारात म्हणाला. शीख लोक त्याचे उपकार आजही मानतात. तरी शिक्षा झालीच. मुलांना भिंतीत चिणायचा हुकूम झाला आणि शेवटी त्यांना मारलं. ती बातमी ऐकून आजीनं बुरुजातच प्राण सोडला.

आता तोडरमल शेठ. ते सरहिंदचे मोठे व्यापारी. जैन परंपरा त्यांना ओसवाल जैन मानते. पंजाबात काही जण त्यांचं कूळ वेगळंही सांगतात, म्हणून मी त्यावर वाद घालणार नाही. तीन देह पडून होते आणि अग्नी द्यायला कुणी जागा देईना. शेठ पुढं आले. तेव्हा अट घातली गेली, की जेवढी जमीन हवी तेवढ्या जमिनीवर सोन्याच्या मोहरा मांडायच्या. काही सांगणारे म्हणतात, की आडव्या मांडून भागेना, उभ्या मांडाव्या लागल्या. मोहरांचा आकडा कुणी ७,८०० सांगतो, कुणी ७८,०००. आकडा कितीही असो. एका चितेपुरत्या जागेसाठी त्यांनी घर रिकामं केलं, ही आठवण मात्र सगळीकडे एकच आहे. त्या जागी आज गुरुद्वारा जोतीसरूप आहे. शेठांचा वाडा म्हणजे जहाज हवेली, सरहिंदी विटांची, पडकी झालेली, पण तिथं उभी आहे. फतेहगढ साहिबला शेठांच्या नावाचं सभागृहही आहे.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. गुरु नानकांच्या वाणीत केशलोच करणाऱ्या आपल्या साधूंवर कडक टीका आहे. ती वाचली की आपल्याला लागते. तोडरमल जैन असतील तर त्यांच्याही कानावर ती असणारच. पण त्यांनी आधी मतं जुळवली आणि मग मोहरा काढल्या, असं झालं नाही. समोर दोन लेकरांचे देह होते, एवढं पुरलं.

आम्ही पोचलो ते दिवस नेमके शहिदी जत्रेचे होते. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ही जत्रा भरते. जत्रा म्हणायची, पण पाळणे नाहीत की मिठाई नाही. सगळीकडे नुसती माणसं होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गावोगावच्या लोकांनी लंगर लावलेले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पीठ येत होतं, दुधाचे कॅन उतरत होते. लोक अक्षरशः गाड्या अडवून हात जोडत होते, जेवून जा म्हणून. आपल्याकडे मुनिमहाराज गावात आले की चौका लावलेल्या बायका दारात कलश घेऊन पडगाहनाला उभ्या राहतात ना, तशी ती माणसं रस्त्यात उभी होती. फरक एवढाच, की ती कुणाचीही वाट पाहत होती.

जोतीसरूपमध्ये डोकं झाकून दर्शन घेतलं आणि लंगरच्या बाजूला आलो. मी तिथल्या एका बाईंना विचारलं, "कुछ सेवा मिलेगी?" साठीच्या असतील, सगळ्या त्यांना बीबीजी म्हणत होत्या. त्यांनी बटाट्यांचं मोठं घमेलं माझ्यापुढं सरकवलं आणि वर सुरी ठेवली.

माझे हात थांबले. मी म्हटलं, "बीबीजी, मी जैन आहे. मी जमिनीखालचं चिरत नाही." मला वाटलं आता ही बाई हसेल किंवा रागावेल. तिनं घमेलं शेजारणीकडे ढकललं आणि मटारचं पोतं ओढून मला दिलं. "ये तो ज़मीन के ऊपर है ना?" बस्स, एवढंच.

मग मी मटार सोलत बसले. सासूबाई म्हणाल्या, "मी कशाला रिकामी बसू?" आणि त्याही पदर खोचून बसल्या. मटारच्या शेंगेत अळी असतेच. आपला हात आपोआप शेंग उघडून आधी अळी बघतो. मी एक कोबीचं पान घेतलं आणि सापडलेली प्रत्येक अळी त्यावर ठेवत गेले. शेजारच्या दोघी-तिघी बघत होत्या. थोड्या वेळानं त्यातल्या एकीनं काही न बोलता आपली अळी आणून माझ्या पानावर ठेवली. मग दुसरीनं. पान भरत आलं तशी एक लहान मुलगी उठली आणि ते मागच्या शेतात ठेवून आली. कुणी त्यावर एक शब्द बोललं नाही. मला मात्र त्या क्षणी फार आपलं वाटलं.

हात चालू होते आणि बीबीजींच्या तोंडून लंगरचा इतिहास चालू होता. त्यातला काही मी नंतर वाचून ताडून पाहिला. गुरु नानकांना (१४६९ ते १५३९) वडिलांनी व्यापाराला वीस रुपये दिले, आणि त्यांनी त्या पैशांत भुकेल्या साधूंना जेवू घालून हाच खरा सौदा म्हटलं, ही कथा पंजाबात पोराटोरांनाही ठाऊक आहे. दुसरे गुरु अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी. खडूरच्या लंगरची सगळी व्यवस्था त्या बघायच्या. मैत्रिणींनो, गुरुग्रंथ साहिबात त्यांचं नाव आहे, आणि तेही त्यांच्या हातच्या तुपातल्या खिरीच्या उल्लेखासह! स्वयंपाक करणाऱ्या बाईची नोंद इतक्या आदरानं कुठल्या ग्रंथात होते? मी वाचलं तेव्हा आमच्या आजीची आठवण आली. आयुष्यभर मुनींना आहार दिला तिनं, पण गावच्या मंदिरातल्या संगमरवरी पाटीवर नाव आहे ते आजोबांचं.

तिसरे गुरु अमरदास यांनी गोइंदवालला नियम केला, की गुरूला भेटायचं तर आधी पंगतीत बसून जेवायचं. बादशहा अकबरही तसा बसला अशी परंपरा आहे. जमिनीवर एका ओळीत बसायचं. राजाला पाट नाही आणि झाडूवाल्याला कोपरा नाही. त्या काळात कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाशेजारी बसायचं यावर सगळा समाज उभा होता. तो नियम नुसत्या उपदेशानं मोडला नसता. रोजच्या जेवणानं तो मोडत गेला. अन्न शाकाहारी ठेवलं तेही याचसाठी, की कुणालाही बसता यावं.

पंजाब आपल्याला परका नाही हेही मला तिथं नव्यानं कळलं. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरुग्रंथ साहिबात आहेत आणि घुमान गावी त्यांचं स्थान आहे. गुरु गोविंदसिंगांचा शेवट १७०८ मध्ये नांदेडला झाला. त्याच नांदेडहून त्यांनी बंदासिंग बहादूर यांना पंजाबात पाठवलं, आणि मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत वजीर खान मारला गेला. बीबीजींनी मला "कुठल्या?" विचारलं. सांगली म्हटल्यावर त्यांना कळेना. महाराष्ट्र म्हटलं, तर म्हणाल्या, "अच्छा, हजूर साहिब वाले!"

आता मुख्य गोष्ट. दुपार कलली. तिथं सूर्य डिसेंबरात साडेपाचच्या आत मावळतो. सासूबाईंनी सकाळपासून दोन खाकऱ्यांवर काढलं होतं आणि पिशवी गाडीत राहिली होती. गाडी दोन-अडीच किलोमीटर लांब, आणि मधे गर्दीचा समुद्र. मी बीबीजींना सांगितलं, की आईंना सूर्यास्ताआधी जेवावं लागतं आणि डाळीत कांदा-लसूण आहे, भाजीत बटाटा आहे. त्या लगेच उठल्या. "पाच मिनिटांत साधे मटार मीठ घालून उकडून देते, आत खोलीत बसवते."

मी हो म्हणणार होते. सासूबाईंनी माझा पदर ओढला.

"नको," त्या म्हणाल्या. "पंगतीत आल्यावर वेगळं ताट कशाला? आपल्यासाठी कुणाला उठवायचं नाही. पोळी चालते मला. पोळी आणि मीठ."

आणि त्या पंगतीत बसल्या. एका बाजूला ट्रकचालक असावा असा एक तरुण, दुसऱ्या बाजूला मळकी शाल पांघरलेली एक म्हातारी. वाढणारा "परशादा जी" म्हणत आला, तेव्हा बाकीच्यांसारखे त्यांनी दोन्ही हात पुढे केले. पोळी हातात घेतली, चिमूटभर मीठ लावलं, आपल्या तांब्यातलं गाळलेलं पाणी प्यायल्या. व्रत अजिबात मोडलं नाही. पंगतही मोडली नाही. शेजारच्या म्हातारीनं त्यांच्या ताटात डाळ नाही बघून वाढणाऱ्याला हाक मारली, तर सासूबाईंनी हसून हात जोडले. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी दोघी बराच वेळ काहीतरी बोलत होत्या.

मी मात्र तिथं बसून गप्प झाले होते. "वेगळं ताट कशाला" हे शब्द माझ्याच घरी जाऊन पोचले होते.

आमच्या मागच्या दाराच्या खिडकीत एक कप असतो. कान तुटलेला, पिवळ्या फुलांचा. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. अकरा वर्षं झाली. त्या आमची सगळी भांडी घासतात. आम्ही ज्यातून जेवतो ती ताटं त्यांच्याच हातची लख्ख असतात. पण त्यांनी चहा प्यायचा तो त्या कपातून, पायरीवर बसून. हा नियम कुणी केला? सासूबाईंनी नाही. खोटं कशाला बोलू, मीच केला. लग्न होऊन नवी आले तेव्हा सोवळ्याचा, चौक्याच्या शुद्धीचा मला फार अभिमान होता. चौका शुद्ध हवा तो मुनींच्या आहारासाठी. तिथली शिस्त वेगळी, ती पाळायलाच हवी. पण रोजच्या चहाच्या कपाला मी कुठल्या शास्त्राचा आधार देणार होते?

घरी आल्यावर मी 'रत्नकरंड श्रावकाचार' पुन्हा काढलं. आचार्य समंतभद्रांनी दानाला वैयावृत्य म्हटलं आहे, म्हणजे सेवा. आहार, औषध, उपकरण आणि आवास, असे त्याचे चार प्रकार. आपल्याकडे पात्रदान आहे तसं करुणादानही आहे. पात्रदानात समोरच्याची योग्यता बघायची, करुणादानात फक्त त्याची गरज. आपण पहिलं नेमानं करतो. दुसऱ्याची पावती फाडतो आणि विसरतो. असं आपल्यात नेहमीच नव्हतं. विक्रम संवत १३१३ ते १३१५ या तीन वर्षांच्या दुष्काळात कच्छ-भद्रेश्वरच्या जगडूशा शेठांनी आपली धान्याची कोठारं उघडली आणि अन्नछत्रं चालवली. सर्वानंदसूरींनी त्यांचं चरित्रच लिहिलं आहे. भुकेल्याला जेवू घालणं आपल्याला कुणाकडून उसनं आणायची गरज नाही. शेजारी बसून जेवणं मात्र मला सरहिंदला शिकायला मिळालं, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो कप काढून टाकला आणि मावशींना घरच्या कपात चहा दिला. आत, टेबलापाशी. मला वाटलं होतं त्या खूश होतील. त्यांनी कप हातात धरला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माझा कप फुटला का वहिनी?"

काय उत्तर देणार होते मी? "हो, फुटला," म्हटलं. त्या उभ्यानंच चहा प्यायल्या. बसल्या नाहीत. अकरा वर्षांची सवय मी लावली होती, ती एका कपानं जाणार नव्हती. आठ-दहा दिवस असंच चाललं. एके सकाळी सासूबाई जपमाळ घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. मावशी आल्या तशी त्यांनी शेजारची खुर्ची पायानं मागे सारली आणि म्हणाल्या, "बस गं. मला पंजाबची गोष्ट सांगायची आहे तुला, उभ्या माणसाला सांगता येत नाही." मावशी बसल्या. मटारच्या अळ्यांची गोष्ट ऐकून त्या खूप हसल्या. तोडरमल शेठांच्या मोहरांपाशी आल्यावर गप्प झाल्या, आणि विचारलं, "त्या आजीला पण तिथंच अग्नी दिला का?" सासूबाई म्हणाल्या, "हो. तिघांना एकाच जागी."

तुम्ही कुणी उत्तरेच्या यात्रेला निघालात, तर सरहिंदला एक दिवस ठेवा. अत्तेवालीचं दर्शन घ्या, जहाज हवेली बघा, जोतीसरूपला डोकं टेका. लंगरमध्ये तासभर बसा. कंदमूळ चिरणार नाही म्हणून सरळ सांगा, कुणी वाईट मानत नाही. थंडीच्या दिवसांत मटार भरपूर असतात. जेवण सूर्यास्ताआधीचं असेल तर वेळ सांभाळा आणि गाळलेलं पाणी हाताशी ठेवा. पोळीला दोन्ही हात पुढे करायचे, एवढं फक्त लक्षात असू द्या.

लिहिताना काही चुकलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.